गुरांच्या वाट्याचं पाणी

१९ नोव्हेंबर १९५०

आज तलावाचं खालचं भोक उघडलं. भर दुपारी, सगळ्या गावासमोर. कोणी हात धरला नाही.

तुडुमाला, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दाराला, पाच भोकं आहेत. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आतल्या अंगाला दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक भोक, भोकात लाकडाचं बूच. आधी सगळ्यात वरचं काढायचं, पाणी उतरलं की त्याच्या खालचं. चार भोकांचं पाणी धानाला. पाचवं कधी काढायचं नाही. ते पाणी गुरांचं. माशांचं. विहिरींचंही, कारण तलावात पाणी असलं तरच आमच्या विहिरींना झरे असतात. सासू सांगायची, मोठ्या दुष्काळात माणसं मोहफुलं उकडून खात होती, पण खालच्या बुचाला कोणी शिवलं नाही.

मालगुजारानं, गावच्या जमीनदारानं, उदाराम ढिवराला बोलावलं होतं. दर वर्षी बुचं तोच बुडी मारून काढतो आणि तोच बसवतो. तो म्हणाला, "मालक, वरची चार सांगा, काढतो. हे नाई." तेव्हा मालगुजारानं तिरोड्याकडची दोन माणसं आणली. त्यांनी दोर बांधून ओढून काढलं. अर्धा दिवस लागला. चांगलंच बसवलेलं होतं!

बूच पाळीवर फेकून दिलं. मी उचलून घरी आणलं. बिजा झाडाचं लाकूड, मांडीएवढं जाड. कडेनं पाणी झिरपू नये म्हणून बाहेरून लावलेली हिरव्या लुगड्याची चिंधी अजून त्याला होती. ती माझी. दर आषाढात हे म्हणायचे, "लुगड्याचा एक पट्टा दे, बुचाले पाहिजे." मी कुरकुर करायची आणि फाडून द्यायची.

यांना जाऊन दोन वर्षं झाली. कोणाच्या धानाच्या बांधीला कोणत्या दिवशी किती वेळ पाणी, ते ठरवायचं काम गावानं यांच्याकडे दिलं होतं. यांच्यामागे ते दिराकडे गेलं, हिरालालकडे. आज हिरालाल मालगुजाराच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता.

२० नोव्हेंबर

हिरालालला बोलावलं. आला, ओसरीवर बसला, विडी काढली.

"भौजी, सरकार मालगुजारी घेऊन राहिलं. तलाव असल तर तो सरकारात जाईल. खेत असल तर घरखेती म्हनून मालकाचंच राहील. मालक म्हनतो, मंग तलाव ठेवाचा कायले?"

"अन् गावानं पेयाचं काय?"

"नाल्याले पानी नाई का?"

"नाला चैतात आटते."

"चैताले अजून चार महिने आहेत," म्हणाला, आणि विडी पेटवली.

याचा भाऊ पाण्याच्या वाटणीवरून सख्ख्या मामाशी भांडला होता. मामाला एक प्रहर पाणी जास्त दिलं नाही म्हणून मामीनं वर्षभर आमच्या घरचं पाणी प्यायलं नाही. आणि हा विडी पेटवतो.

२२ नोव्हेंबर

मासे. सगळीकडे मासे. तलाव तळाला गेला तसे चिखलात तडफडायला लागले. पोरं, बाया, म्हातारे, सगळे टोपल्या घेऊन उतरले. काल दिवसभर गावात हसणं आणि ओरडणं. जावेनं, सुलोचनानं, वाटीभर रस्सा पाठवला. मी वाटी तशीच परत केली.

उदारामची बायको मंदाबाई दारात येऊन बसली. तलावात मासे तिच्या घरचे, शिंगाडे तिच्या घरचे. तीन पिढ्यांपासून. रिकामी टोपली उलटी करून तिच्यावर बसली.

"बाई, आज फुकट खाऊन राहिले सारे. उद्या माह्या दारात कोन येईल मासे मागाले?"

मी उठले. तांदूळ दिले. तिनं पदरात घेतले, आणि म्हणाली, "पुढच्या साली बदल्यात द्याले मासे नाई, मंग हे बी मागू नको म्हना."

२३ नोव्हेंबर

आजही मासे. उरलेले कुजून राहिले. दार लावून बसले.

६ डिसेंबर

तलावाच्या ओल्या चिखलात लाखोळीच्या डाळीचं बी फेकलं. तुकडे पाडून गावात वाटले, अर्धं पीक मालगुजाराचं, अर्धं कसणाऱ्याचं. म्हणजे तोंडं बंद. मालगुजार हुशार आहे. नुसतं स्वतःच कसलं असतं तर गाव बोंबललं असतं.

हिरालालला चांगला तुकडा मिळाला. मला म्हणाला, "तुमच्यासाठी बी मांगू का, भौजी?"

"मेल्यावर मांग," म्हणाले.

१६ जानेवारी १९५१

तिळगूळ वाटायला बाया आल्या होत्या. मला कोणी हळदकुंकू लावत नाही, ते ठीक. पण सगळ्यांच्या तोंडी एकच — तलावातली लाखोळी गुडघ्याला आली. काय माती आहे, काय माती आहे.

माती असणारच. शंभर-दीडशे वर्षांचा गाळ आहे. जंगलातला पालापाचोळा वाहून येऊन बसलेला. दर उन्हाळ्यात त्यातला थोडा गाळ गाड्यांनी आपापल्या शेतात न्यायचो. तळ मात्र तसाच ठेवायचो.

मी वाचायला शिकले ती गुळाच्या आणि मिठाच्या पुड्यांवरून. पुडी सोडली की कागद सरळ करून ठेवायची, रात्री यांना अक्षर विचारायची. हे स्वतः चौथी शिकलेले. कधी हसले नाहीत. एकदा एवढंच म्हणाले की तू आता माझ्यापेक्षा जलद वाचतेस, गावात सांगू नको. ही वही त्यांनीच मंडईतून आणली होती, कोरी राहिली होती.

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. कागदावर लिहायला कोणाची हरकत? रामलाल. रामलाल. रामलाल.

३१ मार्च

दवंडी पिटली. आजपासून मालगुजारी संपली. चावडीजवळ लोक जमले, कोणी कोणाला गुलाल लावला. मालगुजार घनश्यामजी स्वतः आला, हसून म्हणाला, आता मीही तुमच्यासारखाच एक शेतकरी. लोकांनी हात जोडले. सवय!

तलाव कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. पटवाऱ्यानं लाखोळी पाहून खेत म्हणून कच्ची नोंद करून टाकली आहे म्हणतात.

१८ एप्रिल

विहिरीत दोर पुरेना. जुन्या दोराला नवा जोडला. पाणी येतं ते गढूळ.

सासू लग्न होऊन आली तेव्हापासून ही विहीर आटलेली नाही.

२९ जुलै

पाऊस चांगला. वरच्या जंगलातून पाणी तलावात येतं आणि खालच्या भोकातून सरळ नाल्याला जातं. तलावाच्या पोटात बांध्या घातल्या, धान रोवलं. मी पाळीवर उभी राहून पाहिलं. एका बाजूनं येतं, दुसऱ्या बाजूनं जातं. कोणाच्याच कामाचं नाही.

माझी चार एकर पाळीच्या खाली. रोवणा आटोपला. आताचा पाऊस आहे तोवर ठीक. धान निसवायच्या, लोंबी बाहेर पडायच्या वेळेला पाऊस गेला तर?

१ सप्टेंबर

पोळा. बैल धुवायला पाणी नाही. एरवी या दिवशी सकाळी सगळे बैल तलावात, पोरं त्यांच्या पाठीवर, तलाव चिखलानं लाल व्हायचा. आज लोक नाल्यावर गेले. तिथे घोट्याइतकं पाणी. बैल उभेच राहिले, आडवे झाले नाहीत. हिरालालनं लोट्यानं पाणी घातलं.

संध्याकाळी त्याचे बैल सजवून माझ्या दारात आणले. मी पाय धुतले, ओवाळलं. बैलांचा काय दोष?

११ ऑक्टोबर

हस्त गेला. एक थेंब नाही.

भारी धान, उशिरा येणारं, आत्ता निसवतं. आत्ता एक पाणी लागतं. एकच. हे असताना असं झालं की माणसं ओसरीवर येऊन बसायची, हे उदारामला हाक मारायचे, वरचं बूच निघायचं, आणि पहाटेपर्यंत कालव्यातून पाण्याचा आवाज. झोप लागायची नाही इतका. त्या आवाजात मी कितीदा जागी राहिले आहे.

आज बारा-पंधरा माणसं मालगुजाराकडे गेली. मीही गेले, मागे उभी राहिले. बकारामची दोन एकर माझ्या शेजारी आहे, आठ तोंडं घरात. तो म्हणाला, "मालक, पानी पाहिजे."

मालगुजार म्हणाला, "कुठून देऊ?"

खरंच की. कुठून देणार.

बकारामनं खाली पाहिलं. तलावात त्याचाही तुकडा आहे. तिथलं धान हिरवंगार उभं आहे, गाळाला ओल आहे. पाळीच्या आत हिरवं, पाळीच्या बाहेर पिवळं. पाळीवर उभं राहिलं की दोन्ही एकदम दिसतं. मी तिथे फार वेळ थांबू शकले नाही.

१३ ऑक्टोबर

हिरालाल यांची गोष्ट सांगत होता चावडीवर, असं कानावर आलं. "भाऊ असता तर त्यानं बी हेच केलं असतं."

मेलेल्या माणसाच्या तोंडात आपले शब्द घालतो. दिसू दे समोर.

१४ ऑक्टोबर

दिसला. बोलले नाही. बोलले असते तर थांबले नसते.

२५ नोव्हेंबर

माझ्या चार एकरांत दाणा भरला नाही. मूठभर लोंबी चोळली, फुंकली, सगळी उडून गेली. तणस कापून गाईला ठेवली.

पोटासाठी मालगुजाराच्या कापणीला गेले. तलावाच्या पोटात. पेंढीवर मजुरी. सगळ्या बाया ओळखीच्या, कोणी मान वर करेना. शेवटी रुख्मा म्हणाली,

"शांतीबाई, विळा हळू चालवा, धान मालकाचं आहे, मालकाची मान नाई."

सगळ्या हसल्या. मीही हसले. फार दिवसांनी.

पण काय धान! लोंबी हातात जड लागते. कापता कापता मला वाटलं, हे माझ्या घरात असतं तर. असं वाटलं याची लाज वाटते म्हणून लिहून ठेवते.

१९ फेब्रुवारी १९५२

गोंदियाहून साहेब आला. तलाव की खेत, ते बघायला. जीपगाडी पाळीपर्यंत आली, सगळं गाव जमलं.

साहेब तरुण, चष्मा लावलेला, वाईट माणूस वाटला नाही. पाळीवरून खाली पाहिलं — लाखोळी, जवस, बांध्या. विचारलं, "हे काय आहे?"

मालगुजारानं हिरालालकडे पाहिलं. हिरालाल म्हणाला, "खेत आहे, साहेब."

साहेबानं बकारामला विचारलं. "खेत." मुन्नालालला विचारलं. "खेत." एकेकाला विचारत गेला. ज्याच्या त्याच्या पायाखाली त्याचा तुकडा. उदाराम गावात नव्हता, तो गोंदियाला धानाच्या गिरणीत पोती उचलतो आता. असता तर त्याला कोणी विचारलं असतं का, कोण जाणे.

मी पुढे गेले. म्हणाले, "तलाव आहे, साहेब. ही पाळ आहे. हे तुडूम आहे. माझ्या घरच्यांनी वीस वर्षं याचं पानी वाटलं."

साहेबानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, पाणी कुठं आहे?"

मी बोट दाखवलं नाही. काय दाखवणार?

तो म्हणाला, "मला डोळ्याला दिसतं ते लिहावं लागतं. दिवाळीनंतर पुन्हा येईन, पक्की नोंद तेव्हा होईल. पाणी असलं तर तलाव. पीक असलं तर खेत."

हिरालाल घरी येताना माझ्या मागून चालत होता. "भौजी, चारचौघांत माही बेइज्जती काऊन केली?"

"तुही?" म्हणाले. "तुही इज्जत खालच्या भोकातून गेली, त्या दिवशीच."

तो थांबला. मी थांबले नाही.

२ एप्रिल

विहीर आटली. पूर्ण. तळाचा दगड दिसतो.

पलीकडच्या टोल्यावर, वस्तीवर, एक झरा आहे, तिथे रांग. एक घागर भरायला सकाळ जाते. बाया भांडतात, घागरी फुटतात. काल सुलोचना आणि रुख्मा एकमेकींच्या झिंज्या धरून पडल्या. सुलोचनाच्या कपाळाला खोक पडली. माझ्याकडे आली, मी हळद लावली. तिला म्हणावंसं वाटलं, तुझ्या नवऱ्याला दाखव ही. म्हटलं नाही. ती आधीच रडत होती.

९ एप्रिल

गाईला, कबरीला, चिचगडला बहिणीकडे सोडलं. तिथे जंगलात अजून पाणी आहे. इथे तिला दिवसाला एक बादली मिळत होती, तीही माझ्या वाट्याच्या पाण्यातली अर्धी.

दोन दिवस चालत गेलो. वाटेत देवरीजवळ एका ओढ्यात डबकं होतं, तिथे कबरीनं तोंड घातलं ते बाहेर काढेना. मी ओढलं नाही. बसून राहिले. बहीण म्हणाली, "गाय ठेवते, तू बी राह्य." म्हणाले, शेत आहे.

परत निघाले तेव्हा कबरी दाव्याला ताणून माझ्याकडे पाहत होती. मी वळून पाहिलं नाही असं लिहिणार होते. पाहिलं.

१५ जून

लिहायला हात होत नाही. तरी लिहिते.

घरात दाणा नाही. बियाणं नाही. पाळीच्या खालची चार एकर पावसावर सोडली, गेल्या साली काय झालं ते पाहिलं आहे. हिरालालकडे मागायचं नाही. माहेरी भावाकडे मागितलं तर तो घेऊन जाईल मला कायमचं.

मालगुजाराकडे गेले. तलावात तुकडा मागितला.

तो झोपाळ्यावर बसला होता. झोपाळा थांबवला. "शांतीबाई, तुमी? अवो, तो तर तलाव आहे ना? खेत कुठं आहे तिथं?"

आजूबाजूचे हसले. मी जमिनीकडे पाहिलं.

"देतो," म्हणाला. "तुडुमाजवळचा तुकडा कोनी घेत नाई, दलदल आहे. तो घ्या. पिकलं तर अर्धं माहं. रामलालची बायको मागाले आली, नाई कसं म्हनू?"

यांचं नाव त्या तोंडातून ऐकलं.

घरी येऊन वही उघडली, तेच नाव तीनदा लिहिलेलं पान काढलं.

१६ जून

मंदाबाई घरासमोरून गेली. ती आता विड्या वळते, बोटं तंबाखूनं पिवळी. थांबली.

"तुमी बी, बाई?"

"मी बी."

"बरं झालं. आता आमीच तेवढे वेडे राहिलो." जाता जाता म्हणाली, "पुढच्या साली शिंगाडे पाळीवर लावून पाहतो."

बियाण्याचे दोन कुडव हिरालाल न सांगता दारात ठेवून गेला. ओळखलं, पोतं त्याचंच आहे. परत न्यायला गेले नाही. एवढी पडले आहे मी!

१२ जुलै

रोवणा केला. तुडुमाजवळ गुडघाभर चिखल. पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, छान लागले. हिरवे होतील चार दिवसांत.

बाया म्हणाल्या, शांतीबाईचा हात चांगला. हात चांगलाच आहे. त्याचाच राग येतो.

२७ जुलै

तीन दिवस पाऊस. माझ्या तुकड्यात उभी होते, निंदत. पाण्याचा आवाज ऐकू येत होता. इतक्या जवळून मी तुडूम कधी पाहिलं नव्हतं, ते बाप्यांचं काम. खालच्या भोकापाशी पाणी गोल फिरतं आणि आत जातं. सारखं. निंदताना, जेवताना, घरी निघताना. मी पळसाचं पान टाकलं, ते फिरत फिरत आत गेलं. पाळीच्या पलीकडे जाऊन पाहिलं. कालव्यातून नाही, थेट नाल्याला. पान दिसलं नाही.

कालव्यावर बकाराम भेटला. त्याची खालची दोन एकर यंदा पडीक. म्हणाला, "आयकून राहिलो रोज. झोप येत नाई या आवाजानं."

मला वाटलं होतं मला एकटीलाच येत नाही.

२८ जुलै

दिवाळीनंतर साहेब येईल. तेव्हा तिथे माझं धान उभं असेल. कापायला आलेलं, सगळ्यांत चांगलं. साहेब माझ्याकडे पाहील. तेव्हा मी काय म्हणू, खेत?

२ ऑगस्ट

बूच माळ्यावरून काढलं. दोन वर्षांत वाळून चिरलं आहे. भेगेत बोट जातं. भरल्या रांजणात टाकलं, वर झाकण ठेवलं.

९ ऑगस्ट

हिरालाल आला, काही काम नव्हतं. यायला कारण शोधतो हल्ली. रांजणातलं पाणी लोट्यानं घेऊन प्यायला. तोंड वाकडं केलं.

"भौजी, पानी तुरट काऊन लागून राहिलं?"

"रांजण जुना आहे."

"रंग बी निळसर दिसते."

"तू खेत पिकव," म्हणाले. "पान्याचं तुले काय करायचं?"

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा केली. उठताना म्हणाला, "तुमी तुकडा घेतला, लई बरं केलं. भाऊ गेल्यापासून घरात बोलनं नाई राहिलं आपलं." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खरं पाणी.

तो वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

१४ ऑगस्ट

भेग मिटली. बोट जात नाही, नखही जात नाही.

उदाराम पोळ्यासाठी गोंदियाहून आला आहे. त्याच्या घरी गेले. मंदाबाईनं बसायला पाट दिला नाही. मी उभ्यानंच बोलले ते बोलले, इथे लिहीत नाही. उदाराम ऐकून घेऊन म्हणाला, "बाई, तुमचं धान आहे तिथं. सगळ्यात आधी तेच जाईल."

"माहीत आहे."

"हिरालालचं बी जाईल."

"माहीत आहे म्हटलं ना."

मंदाबाईनं पाट आणून ठेवला.

पेटी उघडली. रंगीत लुगड्यांची चार वर्षं घडी मोडली नव्हती. लाल काढलं, एक पट्टा फाडला.

२० ऑगस्ट

पोळा.

शनिवारी पहाटे उदारामनं बुडी मारून खालचं बूच बसवलं, वरची चार बसलेलीच होती, आणि त्याच पावसात गोंदियाला निघून गेला. एवढ्या पाण्यात उतरून ते काढणारा दुसरा कोणी गावात नाही. पाऊस चार दिवस थांबला नाही. रविवारी माझं धान बुडालं. परवा हिरालालचं. आज मालगुजाराचं.

सकाळी पाळीवर उभी होते. हिरालाल आला, बैलजोडी घेऊन, नाल्याकडे निघालेला. पाणी पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "भौजी, हे तुमी —" एवढंच म्हणाला. तेवढ्यात बैलांनी कासरा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि तलावात उतरले. पोटापर्यंत गेले आणि आडवे झाले.

हिरालाल धोतर खोचून त्यांना धुवायला उतरला.